बंपरखालचा उजेड

दिवाळीचे आकाशकंदील उतरले की आमच्या इंदूरच्या राजेंद्र नगरच्या बाहेर, एबी रोडच्या कडेला, ट्रकांना फॉग लाइट बसवायचे दिवस सुरू होतात. बंपरखाली पुठ्ठा अंथरून मिस्त्री उताणा पडलेला असतो आणि बाहेर दिसतात ते फक्त त्याचे पाय. मधूनच ग्रीसनं काळा झालेला एक हात बाहेर येतो. शेजारी उकिडवं बसलेलं पोरगं काही न विचारता त्या हातात पाना ठेवतं, हात पुन्हा आत जातो. खोक्यातून काढलेले दोन दिवे बाजूला पालथे पडलेले असतात. पिवळ्या काचा खाली, लाल-काळ्या तारा वर. मावळतीचं ऊन त्या काचांच्या कडेला जरा वेळ अडतं आणि मग पुलापलीकडे निघून जातं.

संध्याकाळी फिरायला निघालो की माझी पावलं रेती मंडीच्या बाजूला वळतात. कॉलनीतली माझ्या वयाची माणसं बागेत जातात, देवळात जातात. मला काहीतरी जोडलं जात असताना बघत उभं राहायला आवडतं. सोलून उघडं केलेलं तांबं, त्याला दिलेला पीळ, त्यावर सरकवलेली स्लीव्ह, मग पकडीनं दाबून बसवलेलं टोक. हे सगळं इतकं सावकाश, इतकं ठरलेल्या क्रमानं चालतं की बघणाऱ्याचंही मन हळूहळू जागेवर येतं. मिस्त्रीला माझी सवय झाली आहे. ‘आओ काकाजी’ म्हणून तो स्टूल पुढे सरकवतो आणि पुन्हा बंपरखाली जातो.

राजेंद्र नगर आतून एक आहे, बाहेरून एक. आत गल्ल्यांतून मराठी घरं, पाडव्याला गच्चीगच्चीवर गुढ्या, संध्याकाळी कुठल्यातरी खिडकीतून येणारे पेटीचे सूर. बाहेर आग्र्याहून मुंबईला जाणारा रस्ता. कधी काळी हा राष्ट्रीय महामार्ग क्रमांक ३ होता. आता इंदूर ते धुळे या टप्प्याचा कागदावरचा क्रमांक ५२ आहे. ड्रायव्हर मात्र अजून एबी रोडच म्हणतात, आम्हीही तेच म्हणतो. राऊ, महू, मानपूर, मग घाट उतरून धामनोद, खलघाटला नर्मदा, पुढे सेंधवा, बिजासन, शिरपूर आणि धुळे. इंदूरच्या कितीतरी मराठी घरांसाठी ही गावांची यादी नातेवाइकांच्या यादीइतकीच पाठ असते. लग्नाला, मुंजीला, तेराव्याला सगळे याच वाटेनं गेले, याच वाटेनं आले. लांब पल्ल्याची बरीचशी वाहतूक आता शहराला वळसा घालून जाते. तरी चोइथराम मंडीत लसूण-कांदा-बटाटा भरायला येणारे ट्रक, नर्मदेची रेती घेऊन येणारे डंपर, पीथमपूरच्या कारखान्यांत माल टाकून परतणाऱ्या गाड्या आमच्या उशाशीच थांबतात. याच पीथमपुरात १९८६ पासून आयशरचे ट्रक बनू लागले. ट्रक जिथे जन्मतात आणि जिथे दुरुस्त होतात, त्या दोन्ही जागा आमच्यापासून फार लांब नाहीत.

एका संध्याकाळी वाशीला लसूण घेऊन जाणारी एक दहाचाकी उभी होती. ड्रायव्हरला पहाटेच्या आत घाट उतरायचा होता आणि दोन दिवस झाले पठारावर धुकं पडत होतं. मिस्त्रीची पद्धत अशी की नवा दिवा आणला तरी तो आधी बॅटरीपाशी जातो. ट्रकला बारा व्होल्टच्या दोन बॅटऱ्या एकामागे एक जोडलेल्या असतात, मिळून चोवीस. कारचा बल्ब इथे लावला तर क्षणात जातो. टेप वाजवायला कुणी मधल्या जोडातून बारा व्होल्ट चोरून घेतलेले असतील तर एक बॅटरी कायम दमलेली राहते, हेही तो आधी बघून घेतो. मग तो बॅटरीचं टोक सोडवतो आणि तिथून कामाला सुरुवात होते.

सत्तर वॅटचे दोन बल्ब चोवीस व्होल्टवर मिळून सहाएक अँपिअर ओढतात. डॅशबोर्डवरच्या नाजूक बटणातून एवढा करंट फिरवला तर आज दिवा लागेल. पण काही दिवसांनी बटण गरम होऊ लागेल, तारेवरचं प्लास्टिक मऊ पडेल आणि एके रात्री केबिनमध्ये जळका वास येईल. म्हणून मध्ये रिले हवा. काळी, डबीएवढी वस्तू, खाली चार पाय, प्रत्येकावर आकडा: ३०, ८५, ८६, ८७. हे आकडे जर्मन मानकातून आले आणि जगभरच्या गॅरेजांत तसेच राहिले. ३० ला बॅटरी, ८७ ला दिवा, ८५ आणि ८६ च्या मध्ये बारीक तारेची गुंडाळी. बटण फक्त त्या गुंडाळीला थोडासा करंट देतं, गुंडाळीचं लोहचुंबक होतं, आतली पत्ती ओढली जाते आणि मोठा करंट जाड तारेनं थेट दिव्याकडे जातो. ‘टक्’ एवढाच आवाज होतो. तो आवाज ऐकायला मिस्त्री पोराला गप्प बसायला लावतो, कान जवळ नेतो आणि मान हलवतो.

या ‘टक्’चा मला लळा आहे. जोसेफ हेन्री नावाच्या अमेरिकी शास्त्रज्ञानं १८३५ च्या सुमाराला ही युक्ती केली. लांबून आलेला क्षीण करंट स्वतः फारसं काम करू शकत नाही, पण तो एखादं लहान चुंबक जागं करू शकतो आणि ते चुंबक दुसऱ्या, ताज्या बॅटरीचं दार उघडू शकतं. तारायंत्र याच युक्तीवर मैलोन्‌मैल चाललं. १८५० च्या दशकात आग्र्याहून मुंबईकडे तारेची लाइन टाकली गेली ती इंदूरवरून. म्हणजे आमच्या या वाटेनं आधी निरोप गेले, मग मोटारी गेल्या. थकलेला निरोप पुढे ढकलणारी ती युक्ती आता लसणाच्या ट्रकमध्ये धुक्यातला दिवा पेटवायला बसली आहे. हे काही मिस्त्रीला मी सांगितलं नाही. त्याच्या हातात ते आहेच.

फ्यूज कुठे लावायचा यावरून त्याचं आणि ड्रायव्हरचं थोडं वाजलं. ड्रायव्हरचं म्हणणं, दिव्याजवळ लाव, उडाला तर पटकन बदलता येईल. मिस्त्रीनं त्याला शांतपणे बॅटरीपाशी नेलं. बॅटरीपासून फ्यूजपर्यंतच्या तारेला कुणी राखणदार नसतो. ती कुठे घासली, चेसीला टेकली, तर तिला थांबवणारं काहीच नाही. म्हणून ते अंतर वीतभरापेक्षा जास्त नको. ‘फ्यूज बत्ती के लिए थोड़ी है उस्ताद, तार के लिए है,’ तो म्हणाला. मी आयुष्यभर घरच्या फ्यूजकडे पाहत आलो, पण इतकं स्वच्छ मला कुणी सांगितलं नव्हतं.

मग अर्थिंग. नव्या दिव्यांच्या बहुतेक तक्रारी इथे जन्मतात. दिवा मंद लागतो, लुकलुकतो, इंडिकेटर दिला की जीव गेल्यागत होतो. माणसं बल्ब बदलतात, दिवा बदलतात, मिस्त्री बदलतात. खरं दुखणं असतं ते करंटच्या परतीच्या वाटेचं. रंगावर नट आवळलेला असतो आणि रंगातून करंट जात नाही. आमच्या मिस्त्रीनं चेसीवर रुपयाएवढी जागा पॉलिशपेपरनं घासली. वरचा लाल रंग गेला, त्याखालचा प्रायमर गेला, शेवटी चकचकीत लोखंड दिसलं तेव्हा तो थांबला. दातेरी वॉशर, बोल्ट, वर गंज लागू नये म्हणून ग्रीसचं बोट. पंधरा मिनिटं गेली असतील या एका बोल्टावर. ट्रक घाटातून जाताना हा बोल्ट कुणाला दिसणार नाही. त्याची आठवणही कुणाला येणार नाही, आणि तेच त्या बोल्टाचं यश.

केबिन पुढे कलणारी असली की तार ओढून ताणून बांधायची नाही, बिजागरीपाशी थोडा झोल सोडायचा. नाहीतर इंजिन बघायला केबिन उचलली की तार तुटते. पत्र्याच्या भोकातून तार न्यायची तर आधी रबराचं कडं बसवायचं, कारण पत्र्याची कड रोज थोडी थोडी तार कापत राहते. सायलेन्सरपासून लांब, फिरत्या पट्ट्यापासून लांब. मला हे नियम ऐकताना बरं वाटतं. उद्या, परवा, पावसाळ्यात, खड्ड्यात काय होईल याचा विचार आज बोटांनी केलेला असतो.

मालव्यातलं धुकं मुक्कामाला येत नाही. उत्तरेत ते आठवडे आठवडे ठाण मांडतं, इथे पाहुण्यासारखं येतं, पण येतं तेव्हा सगळं व्यापतं. डिसेंबर-जानेवारीत मावठा, म्हणजे हिवाळ्यातला पाऊस, पडून जातो, आभाळ निवळतं, वारा पडतो. काळी जमीन ओली, गव्हाला नुकतंच पाणी दिलेलं. रात्री जमीन आपली ऊब मोकळ्या आभाळाला देऊन टाकते, जमिनीलगतची हवा गारठते आणि तिच्यातल्या ओलाव्याचे बारीक थेंब होतात. पहाटे पहाटे, सूर्य वर यायच्या आगेमागे, ते सगळ्यात दाट होतं. हवामानखात्याच्या हिशेबात एक किलोमीटरच्या आतलं दिसेनासं झालं की धुकं, दोनशे मीटरच्या आतलं दिसेनासं झालं की दाट, पन्नासच्या आतलं की अतिदाट. अतिदाट धुक्यात ड्रायव्हरला स्वतःच्या बॉनेटपुढे जेमतेम काही पावलं मिळतात.

आमच्या राजेंद्र नगर स्टेशनावरून जाणाऱ्या रुळांची धुक्यातली रीत वेगळी होती. दाट धुक्यात सिग्नल दिसत नाही, म्हणून सिग्नलच्या अलीकडे रुळांवर फटाके बांधून ठेवत. इंजिनाचं चाक त्यावरून गेलं की मोठा आवाज व्हायचा आणि ड्रायव्हर समजायचा की सिग्नल जवळ आला, सावध व्हा. आगगाडीला रूळ सोडायचे नसतात, म्हणून तिला कानांवर चालता आलं. रस्त्यावरच्या माणसाला मात्र डोळ्यांशिवाय गती नाही. त्याला कडा हवी, वळण हवं, पुढे उभा असलेला बैलगाडीचा दांडा हवा.

धुक्यात नवखा माणूस पहिलं काम करतो ते हाय बीम लावायचं. दिसत नाही म्हणून आणखी जोरात उजेड फेकायचा. आणि तो उजेड थेंबाथेंबावर आपटून थेट डोळ्यांत परत येतो, आरशासमोर बॅटरी धरावी तसा. पुढे पांढरी भिंत उभी राहते, आणि ती आपणच उभी केलेली असते. फॉग लाइट याच्या उलट वागतो. तो खाली बसतो, दोन्ही बाजूंना रुंद पसरतो आणि त्याच्या उजेडाची वरची कड सुरीनं कापल्यागत सरळ असते. तिच्यावर उजेड जातच नाही. ट्रकमध्ये ड्रायव्हरची नजर उंचावर असते, दिवा बंपरखाली. उजेडाची वाट आणि नजरेची वाट यांच्यात जितकं अंतर, तितका परतून येणारा उजेड कमी. म्हणून हा दिवा टपावर बसवण्यात काही अर्थ नाही. तो जितका खाली, तितका कामाचा. दहाचाकीचा ड्रायव्हर मला म्हणाला, ‘काकाजी, कोहरे में दूर का नहीं देखते. पट्टी देखते हैं.’ डावीकडची पांढरी पट्टी. ती संपली नाही तोवर रस्ता आहे.

पिवळ्या काचेविषयी माझी बरीच वर्षं एक समजूत होती, आणि ती बहुतेकांची असते: पिवळा रंग धुकं भेदतो. शास्त्र तसं म्हणत नाही. धुक्याचे थेंब प्रकाशाच्या लहरींहून कितीतरी मोठे असतात. एवढे मोठे थेंब निळा-पिवळा भेद करत नाहीत, सगळ्यांना सारखंच उधळतात. तरी पिवळ्याची बाजू घेणारे ड्रायव्हर खोटं बोलत नाहीत. पिवळ्या उजेडात निळा भाग गाळलेला असतो आणि निळसर झगमगाटानं डोळा जास्त दुखावतो असं पुष्कळांना जाणवतं. फ्रान्सनं तर १९३० च्या दशकापासून १९९३ पर्यंत साऱ्या मोटारींना पिवळेच हेडलाइट सक्तीचे केले होते. मला स्वतःला पिवळा आवडतो. धुक्यातून येणारा पिवळा ट्रक दिसला की छातीतली भीती कमी होते. पांढरा निळसर आला की वाढते.

राजेंद्र नगरच्या पलीकडे, मोठ्या कुंपणाआड, उजेडाचं दुसरं घर आहे. राजा रामण्णा प्रगत तंत्रज्ञान केंद्र, आमच्या बोलण्यात नुसतं कॅट. १९८४ मध्ये त्याची कोनशिला बसली. तिथे इंडस-१ आणि इंडस-२ ही दोन वर्तुळाकार यंत्रं आहेत, पहिलं १९९९ पासून चालू, दुसरं २००५ पासून. इंडस-२ चा घेर साधारण १७२ मीटर. त्यात जवळपास प्रकाशाच्या वेगानं फिरणारे इलेक्ट्रॉन वळणावर उजेड सांडतात, आणि त्या उजेडात पदार्थाच्या आत अणू कसे बसलेत ते बघायला देशभरातून संशोधक येतात. एकाच वस्तीच्या एका अंगाला अणूची मांडणी दाखवणारा उजेड, दुसऱ्या अंगाला वीस पावलांपर्यंतची पांढरी पट्टी दाखवणारा. मी दोन्हींसमोर सारख्याच आदरानं उभा राहतो. त्या कुंपणाआडही कुणीतरी अर्थिंग तपासतच असेल.

धुळ्याला एका लग्नाला जाताना मानपूरच्या अलीकडे आम्ही अशा धुक्यात सापडलो होतो. जवळच जानापावचा डोंगर, जिथून चंबळ निघते. त्या पहाटे डोंगरही नव्हता आणि नदीही नव्हती. आमचा जावई गाडी चालवत होता, त्याचे खांदे कानांपर्यंत आलेले. पुढे एक ट्रक होता. त्याचे मागचे दोन लाल ठिपके धरून आम्ही चाललो, आमचे ठिपके धरून मागची गाडी, तिच्यामागे आणखी कितीतरी. कुणी कुणाला ओळखत नव्हतं. भेरू घाटाच्या तोंडाशी तो ट्रक भेरूबाबाच्या ठाण्यापाशी थांबला, ड्रायव्हर खाली उतरून हात जोडायला गेला, आणि आम्ही सगळे त्याच्यामागे ओळीनं थांबलो. तो परत येईपर्यंत कुणी हॉर्न वाजवला नाही. त्याच्या बंपरखाली दोन पिवळे दिवे होते, ते कुणा मिस्त्रीनं नीट जोडले होते, म्हणून एवढी माणसं घाट उतरली. आमच्या गाडीत मागे बसलेल्या बाईंनी ठाण्याकडे बघून हात जोडले. मी ट्रककडे बघून जोडले.

आपल्या ट्रकांच्या पाठीवर एक जुनी विनंती रंगवलेली असते: यूज डिपर ॲट नाइट. मला ती फार सभ्य वाटते. समोरून कुणी आलं की आपला उजेड खाली घ्या, एवढंच मागणं. १९८९ च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांतही तेच कायद्याच्या भाषेत आहे. दिव्याचा झोत खाली वळवलेला हवा, आठ मीटरवर दीड मीटर उंचीच्या डोळ्यांना दिपवता कामा नये. दीड मीटर म्हणजे रस्त्याच्या कडेला उभा असलेला, कडेनं चालणारा माणूस. हल्ली टपावर एलईडीच्या लांब पट्ट्या लावून, आभाळ स्वच्छ असतानाही त्या पेटवून फिरणाऱ्या गाड्या एबी रोडवर दिसतात. त्या समोर आल्या की रस्ता, पट्टी, स्वतःचे हात, सगळं नाहीसं होतं. धुक्यापेक्षा हा आंधळेपणा वाईट, कारण तो माणसानं माणसावर लादलेला आहे. याचा मला राग येतो आणि तो मी लपवत नाही.

त्या संध्याकाळी दहाचाकीचं शेवटचं काम राहिलं होतं. मिस्त्रीनं ट्रक समोरच्या गोदामाच्या भिंतीपासून दहा मीटरवर उभा करवला. दिव्याची जमिनीपासूनची उंची दोरीनं मोजली, तेवढ्याच उंचीवर भिंतीवर खडूनं एक रेघ ओढली, तिच्याखाली वीतभर अंतरावर दुसरी. बटण दाबलं, टक् झालं, भिंतीवर पिवळा पट्टा पडला. पट्ट्याची वरची कड पहिल्या रेघेच्याही वर होती. तो पुन्हा पुठ्ठ्यावर झोपला आणि बोल्ट सैल करून दिवा जरासा कलवला. पोरगं भिंतीपाशी उभं राहून ‘और नीचे, और नीचे’ सांगत होतं. कड दुसऱ्या रेघेवर आली तेव्हा त्यानं दोन्ही बोल्ट आवळले आणि ड्रायव्हरला सांगितलं की हे बटण पार्किंग लाइटच्या तारेवरून घेतलंय, दिवे बंद केलेस की हेही बंद होईल, विसरलास तरी चालेल. ड्रायव्हरनं पैसे दिले, दिव्यांच्या काचा रुमालानं पुसल्या आणि राऊच्या दिशेनं निघून गेला.

आता हिवाळा तोंडावर आहे. तुमच्या ट्रकला, टेम्पोला, कारला फॉग लाइट बसवून घेणार असाल तर टपावर बसवू नका, बंपरखाली बसवा. रिले आणि फ्यूज वाचवून शंभर रुपये कमी करायला मिस्त्रीला सांगू नका. धुकं विरळ झालं की दिवे बंद करा. आणि तो भिंतीवर खडूची रेघ मारायला लागला की घाई करू नका, त्याला लागेल तेवढा वेळ द्या.